मिरचीचे हात

“मायने त्यांना हात दिलाच नाही, ताई. त्यांनी दोन्ही हात पुढं केले अन् मायने आपले हात पदराखाली घेतले. मला इतकी लाज वाटली! एवढ्या दुरून म्हातारी आली, अन् आपली माय असं काहून करते?”

पवनी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या मागच्या क्वार्टरमध्ये आम्ही बसलो होतो. फेब्रुवारीची दुपार. सिस्टरांची ड्युटी नुकतीच संपली होती. स्टुलावर चहाचे दोन कप आणि त्यांच्या मांडीवर पत्र्याची एक जुनी पेटी होती. वसतिगृहात जाताना मुलींना घेऊन देतात तसली, कडी वाकलेली.

गोष्ट त्यांच्या आठवीतली. त्या तेव्हा वसतिगृहात राहून शिकत. शिक्षणाचा खर्च जपानमधल्या एक निवृत्त शिक्षिका करत होत्या आणि त्या वर्षी त्या पहिल्यांदाच मुलीला भेटायला आल्या होत्या. आईला निरोप गेला तेव्हा ती सातऱ्यावर होती.

सातरा हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला ठाऊक नसेल. पवनी, भिवापूर हा मिरचीचा मुलूख. सातऱ्यावर वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग लावलेले असतात आणि बाया ओळीने बसून एकेका मिरचीचं देठ खुडतात. जितके किलो, तितके पैसे. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी खोकला थांबत नाही. संध्याकाळी हात कितीही धुवा, बोटांची आग रात्री उशाशी घेऊनच निजायचं. लेकराला जवळ घ्यायचं तर मनगटाने घ्यायचं. आई त्या दिवशी काम अर्धं टाकून तशीच आली होती. ते हात त्या परक्या बाईच्या मऊ हातांना लावायचे कसे? म्हणून तिने ते पदराखाली घेतले.

हे वसतिगृहाच्या बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी दुभाषाला सांगितलं, दुभाषाने पाहुणीला. मग त्या म्हातारीने पुढे होऊन पदराखालून ते दोन्ही हात बाहेर काढले आणि धरून ठेवले. “बराच वेळ,” सिस्टर म्हणाल्या. “काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांचे हात नक्की चुरचुरले असतील.”

## शोधायला काय निघाले होते

या वर्षीच्या अंकाचं सूत्र संपादकांनी ‘कृतज्ञता’ असं ठरवलं. फोनवर म्हणाले, “परदेशातली माणसं आपल्याकडच्या मुलांचं शिक्षण करतात. मग एकदा त्यांना भेटायला येतात आणि परत जाऊन लिहितात की आम्हाला तिथं कृतज्ञता सापडली. त्या मुलांना काय सापडतं, ते कुणी विचारत नाही. तुम्ही बघून या.”

मी भंडाऱ्याला जायचं ठरवलं, त्याला कारण होतं रुयाड. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत पवनीकडे यायचं. वाटेत कऱ्हांडल्याचं जंगल लागतं, रस्त्याच्या कडेला मिरची वाळत घातलेली दिसते, कापणी झालेल्या बांध्यांत लाखोरी आणि हरभरा उभा असतो. पवनीच्या अलीकडे-पलीकडे कुठेही उभं राहिलं तरी वैनगंगा जवळच आहे. गोसेखुर्दच्या धरणाने तिचं पात्र आता समुद्रासारखं पसरलंय. आणि अशा या धानाच्या मुलखात, रुयाड-सिंदपुरीच्या शिवारात, एकदम एक महास्तूप उभा आहे. ‘महासमाधिभूमी’ त्याचं नाव. ८ फेब्रुवारी २००७ रोजी त्याचं लोकार्पण झालं.

तो उभारला पञ्ञा मेत्ता संघाने. पञ्ञा म्हणजे प्रज्ञा, मेत्ता म्हणजे मैत्री. संघाच्या मुळाशी आहेत भदन्त संघरत्न मानके. ते लहान असतानाच जपानला गेले, क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई पंथाच्या परंपरेत वाढले, भिक्षू झाले आणि परत आपल्या मुलखात आले. हिएई म्हणजे जपानी बौद्ध धर्माचं माहेरघर. साइचो नावाच्या भिक्षूने ७८८ मध्ये तिथे पहिली कुटी बांधली आणि पुढे त्याने रुजवलेला तेंदाई पंथ देशभर पसरला. या पंथाच्या लोकांनी १९६९ मध्ये ‘इचिगू ओ तेरासु’ नावाची चळवळ सुरू केली. नावाचा अर्थ, एक कोपरा उजळणं. जो तो आपापल्या ठिकाणी उजेड करील, एवढीच कल्पना. त्या उजेडाचा एक कवडसा भंडारा जिल्ह्यावर पडला. जपानी उपासकांच्या मदतीतून इथे विहार झाला, मुलांच्या शिक्षणाचं काम उभं राहिलं. दर वर्षी फेब्रुवारीत वर्धापनदिनाला जपानहून भिक्षू आणि उपासक येतात, तेव्हा आजूबाजूच्या गावांतून माणसांची रीघ लागते.

स्तूप झाला ते दिवस आठवून पाहा. त्याच्या चार महिने आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, याच जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात खैरलांजी घडलं होतं. एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं गावाने मारली होती. ज्या जिल्ह्यात शेजाऱ्याचा भरवसा राहिला नव्हता, तिथे समुद्रापलीकडची माणसं येऊन जमिनीवर मांडी घालून बसली. रुयाडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या उपासकांना मी त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, “आमच्या घरचं पानी प्याले जी ते लोक. मागून घेऊन प्याले.” पैशाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

सिस्टर ज्या वसतिगृहात शिकल्या ते या संघाचं नव्हे, दुसरंच. त्याचं नाव छापू नका असं त्यांनी सांगितलं आहे आणि मी तो शब्द पाळते आहे.

## विसमितेचं दान

रुयाडहून मी पवनीला गेले. परकोटाचं, घाटांचं, मंदिरांचं हे जुनं गाव. गावाबाहेर जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते केलं आणि टेकडीच्या पोटातून स्तूप निघाला. आकाराने सांचीच्या मोठ्या स्तूपाशी बरोबरी सांगणारा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा.

त्याच्या भोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरं कोरलेली सापडली. त्यांत राजाची प्रशस्ती नाही. ती दान देणाऱ्यांची नावं आहेत. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा. अमक्याचं दान, अमकीचं दान, बस. त्यात विसमिता नावाच्या एका बाईचं दान आहे. तिने नावापुढे जे कोरवून घेतलं त्याचा भाव असा, की या दानाने सगळ्या जीवांना सुख लाभो. दानाचं पुण्य स्वतःपुरतं न ठेवता सर्वांना वाटून टाकायची ही इच्छा भारतातल्या अगदी जुन्या कोरीव लेखांत मोजक्याच ठिकाणी दिसते. त्यातलं एक ठिकाण पवनी.

ही टेकडी पाहताना मला एक गोष्ट कळली, ती या लेखाचा कणा आहे. विसमितेने आपलं नाव लिहिलं, पण ‘कुणाला दिलं’ ते लिहिलं नाही. घेणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचा चेहरा, घेणाऱ्याने मानलेले आभार यांतलं काहीही त्या दगडावर नाही. भिक्षू दारात येतो, पात्र पुढे करतो, अन्न घेतो. तो आभार मानत नाही, देणाऱ्याच्या पुण्याचं अनुमोदन करतो. संधी त्याने दिलेली असते, म्हणून वाकतो तो देणारा. महायान पंथात दानाची शुद्धी सांगताना देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू या तिन्ही ठिकाणी ‘मी’ उरता कामा नये, असं सांगतात.

आजच्या पद्धतीत हे पार उलटं झालं आहे. मुलाचं नाव, वय, फोटो, बापाचा धंदा, आवडता खेळ हे सगळं देणाऱ्यापर्यंत जातं. आणि वर्षातून दोनदा मुलाचं आभाराचं पत्र.

## रमाबाईंची मंडळं

एक मूल, एक देणारा, ठरलेली रक्कम, अधूनमधून पत्र ही रीत साधारणपणे विसाव्या शतकातल्या युद्धांशी जोडतात. स्पेनच्या यादवीतली मुलं, मग कोरियातली अनाथ मुलं. अमेरिकेतली वर्ल्ड व्हिजन १९५० ची, कम्पॅशन १९५२ ची. जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहरात १९५९ मध्ये काही ख्रिस्ती मंडळींनी पाच भारतीय मुलांची जबाबदारी घेतली, त्यातून किंडरनोटहिल्फे ही मोठी संस्था झाली.

पण मराठी माणसाला याहून जुनी आठवण असायला हवी. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. पंडिता रमाबाई गावोगाव बोलत हिंडल्या आणि ठिकठिकाणी ‘रमाबाई मंडळं’ निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि दहा वर्षं देत राहायचं, अशी अट. त्या डॉलरांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे ते पुण्याला आलं, मुलींच्या धर्मावरून वादळ उठलं आणि बॉस्टनहून असोसिएशनच्या श्रीमती अँड्र्यूज स्वतः पाहायला आल्या. पैसे देणाऱ्यांकडून कुणीतरी येऊन मुलींना भेटणं, शाळा पाहणं, परत जाऊन सांगणं हा प्रघात महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात शिरल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून घेऊन गेल्या. भंडारा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता.

रमाबाईंची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पैसे परक्यांचे होते, तरी शारदा सदनात मुलींनी काय खावं, काय नेसावं, कुणाची प्रार्थना करावी हे बॉस्टनने ठरवू नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. आणि मुलीवर आपला विश्वास किती लादावा, यावरून त्यांना स्वतःलाही लोकांनी धारेवर धरलं. दानासोबत काय काय येतं, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासून उभा आहे.

## पाहुणे येणार म्हणून

पत्र्याच्या पेटीत एक फोटो आहे. पंचवीसेक मुली, सगळ्यांच्या डोक्याला एकसारख्या लाल रिबिनी. “त्या रिबिनी त्या दिवसापुरत्या होत्या,” सिस्टर म्हणाल्या. “संध्याकाळी परत घेतल्या.”

परदेशी पाहुणे येणार म्हटलं की वसतिगृहात आठ दिवस आधीपासून धावपळ सुरू होई. भिंतींना चुना, दारात रांगोळी, लेझीम. दोन दिवस शाळा बुडायची. पाहुण्यांच्या भाषेतलं एक गाणं मराठी अक्षरांत लिहून पाठ करायचं, अर्थ कुणालाच ठाऊक नाही. पाहुणे यायचे ते बसमधून, नागपूरला विमानातून उतरून, थकून. त्यांच्या पिशव्यांत कागदाचे करकोचे, पेन्सिली, रंगीत खोडरबर. नाव पुकारलं की मुलीने पुढे जायचं, हार घालायचा, नमस्कार करायचा, फोटोला उभं राहायचं.

“आणि ज्यांचे पाहुणे नाही आले, त्या?” मी विचारलं.

सिस्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. “माझी मैत्रीण होती. तिची पत्रं जायची, तिला उत्तरही यायचं, पण भेटायला कधी कुणी आलं नाही. तिला बाईंनी हार पुरवायच्या कामाला लावलं होतं. दिवसभर तिने टोपल्यातून एकेक हार काढून दुसरीच्या हातात दिला. रात्री मी माझा खोडरबर तिला देत होते तर घेतला नाही तिने.”

याचा दोष मी त्या वसतिगृहाला देत नाही. तिथल्या बाईंनी मुलींना जीव लावला, हे सिस्टरांनी मला तीनदा सांगितलं. दोष रीतीचा आहे. नाव-फोटो दिला की पैसे येतात आणि नुसतं ‘शंभर मुलींचं जेवण’ म्हटलं की येत नाहीत, हे संस्था चालवणाऱ्याला अनुभवाने कळलेलं असतं. माणसाचा जीव एका चेहऱ्यावर जडतो. म्हणून मोठ्या संस्था आता पैसा गावाच्या कामाला लावतात आणि मूल फक्त दुवा म्हणून ठेवतात. विहीर, शाळा, आरोग्य सगळ्यांचं, पत्र मात्र एकाचं.

त्याचा उपयोग होतो का? होतो. वायडिक, ग्लेवे आणि रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी भारतासह सहा देशांत, दहा हजारांवर माणसांची माहिती गोळा करून २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी अशी मदत मिळालेली मुलं इतरांपेक्षा वर्ष-दीड वर्ष जास्त शिकली आणि माध्यमिक शिक्षण पुरं करणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १८ टक्केबिंदूंनी वाढलं, असं त्यांना आढळलं. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात वर्ष-दीड वर्ष म्हणजे काय? दहावीनंतर सातऱ्यावर बसणं आणि बारावी होऊन नर्सिंगला जाणं, यांमधलं अंतर.

## बोडी फुटली

पत्र कसं जायचं ते ऐका. मुलगी मराठीत लिहायची. तालुक्याच्या गावचे एक सर त्याचं इंग्रजी करायचे. ते जपानला गेलं की तिथलं कुणी स्वयंसेवक जपानी करायचं. उत्तर त्याच वाटेने परत. तीन महिने लागत, कधी पाच.

पत्राचा मायना ठरलेला. फळ्यावर लिहून दिलेला असे. मी खुशाल आहे, तुम्हीही खुशाल असाल, तुमच्या मदतीमुळे मी शिकत आहे, तुमचे उपकार विसरणार नाही. खाली दोन ओळी मोकळ्या, त्यांत मुलीने स्वतःचं काहीतरी लिहायचं. सिस्टरांनी सातवीत त्या दोन ओळींत लिहिलं, ‘यंदा पाऊस फार झाला. आमची बोडी फुटली.’

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मोठे तलाव, ज्यांना मालगुजारी तलाव, मामा तलाव म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या बांधीशेजारची छोटी बोडी. बोडी फुटली की धानाचा रोवणा गेला. पण भाषांतर करणारे सर या भागात नवे होते. त्यांना बोडी म्हणजे डोकं वाटलं. जपानमध्ये पत्र पोचलं ते मुलीचं डोकं फुटल्याचं. दोन महिन्यांनी एक पार्सल आलं. त्यात मलमपट्ट्या, जखमेवरचं औषध आणि एक लोकरीची टोपी.

“तवा आम्ही किती हसलो,” सिस्टर म्हणाल्या. मग टोपी काढून दाखवली. निळी, हाताने विणलेली. “पन आता वाटते, कुणीतरी तिकडं रात्री बसून माझ्या डोक्यासाठी विणत होतं. मायने बोडीचं दुःख केलं, आजीने डोक्याचं.”

त्या त्यांना आजी म्हणतात. पहिल्या भेटीपासून.

## मिंधेपण आणि ऋण

आपल्या भाषेत एका अनुभवाला दोन शब्द आहेत. कृतज्ञ आणि मिंधा. दोघांनीही काहीतरी घेतलेलं असतं. कृतज्ञ माणूस ताठ उभा राहून देणाऱ्याच्या डोळ्यांत पाहू शकतो. मिंध्याची मान वर होत नाही. फळ्यावरचा मायना वर्षातून दोनदा उतरवून घेणारं मूल या दोहोंपैकी काय शिकतं, हा मला खरा प्रश्न वाटतो.

पाली ग्रंथांत जगात दुर्मीळ अशी दोन माणसं सांगितली आहेत. एक, आपण होऊन आधी उपकार करणारा. दुसरा, केलेलं जाणणारा आणि तशी परतफेड करणारा, ‘कतञ्ञू कतवेदी’. दोघे एकाच ओळीत बसवले आहेत, वर-खाली नाहीत. जपानी भाषेत ‘ओन’ म्हणजे ऋण आणि ‘ओनगाएशी’ म्हणजे त्याची फेड. बुद्ध भारतातून आला, चीन-कोरियामार्गे सहाव्या शतकात जपानला पोचला, म्हणून त्या भूमीसाठी काही करणं हे उपकार नव्हेत, फेड आहे, अशी अनेक जपानी उपासकांची भावना असते. नागपूर भागाला तिचा अनुभव जुना आहे. भदन्त सुरई ससाई १९६६ मध्ये भारतात आले ते इथलेच झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर नोरिको ओगावा यांच्या दानातून १९९९ मध्ये उभं राहिलं. देणाराच जेव्हा म्हणतो की मी ऋणात आहे, तेव्हा घेणाऱ्याला मान खाली घालायचं कारण उरत नाही.

भंडाऱ्याच्या बौद्ध घरांत या बाबतीत एक मोठं उदाहरण भिंतीवरच लावलेलं असतं. बाबासाहेब आंबेडकर हेही कुणीतरी पैसे देऊन शिकवलेले विद्यार्थी होते. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी शब्द टाकला आणि सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. बदल्यात दहा वर्षं बडोद्यात नोकरी करायचा करार होता. ते बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला घर मिळालं नाही आणि नोकरी सोडावी लागली. करार पुरा झाला नाही. पण ते साडेअकरा पौंड किती फिटले, हे सांगायला याच मुलखातला कुणीही पुरेसा आहे. याच भंडाऱ्यातून ते १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, हेही इथली म्हातारी माणसं अजून हळहळून सांगतात.

## बंद झालेली वाट

आज सिस्टरांसारखी मुलगी आठवीत असती, तर तिला आजी मिळाली असती का? कठीण आहे. परदेशी देणग्यांचा कायदा २०१० मध्ये नवा झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने तो फार घट्ट केला. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. तो आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच आला पाहिजे. कारभाराचा खर्च वीस टक्क्यांच्या आत. मोठी संस्था पैसा आणते आणि गावातली छोटी संस्था वसतिगृह चालवते, ही साखळीच त्यामुळे तुटली. कम्पॅशनला २०१७ च्या मार्चमध्येच देश सोडावा लागला होता, तेव्हा तिच्याकडे भारतातली सुमारे १ लाख ४५ हजार मुलं होती. वर्ल्ड व्हिजनची परवानगी २०२४ च्या जानेवारीत रद्द झाली.

पैशाआड धर्मांतर होतं, हिशेब नीट नसतो, या तक्रारी मला ठाऊक आहेत, आणि मुलाच्या भुकेच्या बदल्यात त्याचा विश्वास मागणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण पत्रं अचानक थांबली तेव्हा लाखभर मुलांना कुणी काय सांगितलं असेल, हा विचार मला सोडत नाही. मूल त्यातून एकच अर्थ काढतं. माझं काहीतरी चुकलं असेल.

देशातली मदत आहे. बापाविना, आईविना वाढणाऱ्या मुलांना राज्य सरकारची बालसंगोपन योजना महिन्याला २,२५० रुपये देते. तिचे अर्ज, दाखले, चकरा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आणि आता देणारे बदलले आहेत. पुण्यातली, ठाण्यातली, बंगळुरात नोकरी करणारी, न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबं विदर्भातल्या मुलांचं शिक्षण करू लागली आहेत. वाढदिवसाला वसतिगृहात जाऊन केक कापणं सुरू झालं आहे. म्हणजे पाहुण्यांच्या जागी आता तुम्ही-आम्ही आहोत.

## दुसरी भेट

सिस्टर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होत्या तेव्हा आजी पुन्हा आल्या. काठी टेकत. या वेळी हार-लेझीम काही नव्हतं, मुलगी वसतिगृहातून कधीच बाहेर पडली होती. भेट झाली सिस्टरांच्या गावच्या घरी. दुभाषा, आजी आणि आजींची एक भाची.

आजींनी चौकोनी कापडात बांधलेलं एक गाठोडं उघडलं. आत सतरा पत्रं होती. सहावीतल्या पहिल्या पत्रापासून सगळी. प्रत्येकावर पेन्सिलीने पोचल्याची तारीख आणि मागे जपानी भाषांतर टाचलेलं. बोडीचं पत्र होतं. पोळ्याच्या बैलांचं चित्र होतं. फळ्यावरचा मायना सतरा वेळा होता, आणि प्रत्येक पत्रात खालच्या मोकळ्या दोन ओळींखाली लाल रेघ ओढलेली होती. आजींनी फक्त त्या दोन ओळींखालीच रेघ ओढली होती.

दुभाषाने त्यांचं म्हणणं सांगितलं. नवरा गेल्यावर त्या रात्री ही पत्रं काढून बसत. मराठी वाचता येत नसे, पण अक्षर मोठं होताना दिसे. आयुष्यभर शाळेत शिकवलं, शेकडो मुलं हाताखालून गेली, पण एकाच मुलाचं अक्षर इतकी वर्षं वाढताना पाहायला मिळालं ते हेच. त्यासाठी त्या आभार मानायला आल्या होत्या. मग म्हातारी जमिनीवर गुडघे टेकून, दोन्ही तळहात खाली ठेवून वाकली.

“मी रडलेच,” सिस्टर म्हणाल्या. “इतकी वर्षं मीच लिहीत होते, तुमचे उपकार, तुमचे उपकार. मला काय ठाव, मी पन काही देत होते म्हनून.”

“आणि आई?”

“मायने त्या दिवशी सातऱ्याला खाडा केला. सकाळपासून हात घासत होती. आजी उठल्या, अन् मायने आपण होऊन हात पुढं केला.”

आजी आता नाहीत. त्यांची भाची दर जानेवारीला कार्ड पाठवते आणि सिस्टर उत्तर लिहितात, मराठीत. भाषांतर भाची तिकडे कुणाकडून तरी करून घेते.

तुमच्यापैकी कुणी एखाद्या मुलाचं शिक्षण करत असाल आणि या सुट्टीत त्याला भेटायला जाणार असाल, तर एवढं करा. शाळेच्या दिवशी जाऊ नका. स्वागत, नाच, गाणं नको म्हणून आधीच कळवा. खाऊ नेणार असाल तर सगळ्यांना पुरेल एवढा न्या, नाहीतर नेऊ नका. आई भेटायला आली, तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली आहे हे ध्यानात असू द्या. आणि त्या मुलाने तुम्हाला लिहिलेली पत्रं घरात कुठे असतील ती शोधा, आणि जाताना सोबत न्या.